आपला बहिष्कार चौथ्याच दिवशी का मोडतो?

शमी (कर्वेनगर, पुणे)

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. चकल्या, कडबोळी, अनारसे, भाजणी, आणि श्रावण-भाद्रपदात पुरणपोळ्या नि उकडीचे मोदक. अकरा वर्षं झाली. सुरुवातीला गिऱ्हाइकं सोसायटीतलीच होती. मग एका मोठ्या समाजमाध्यमावर पेज उघडलं आणि धायरीपासून विमाननगरपर्यंतची घरं जोडली गेली. त्या पेजने मला खूप दिलं, हे आधीच सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पोस्टी लोकांना दिसेनाशा झाल्या. ज्यांनी आपणहून पेज फॉलो केलं होतं त्यांनाही. पैसे भरून बूस्ट केलं की दिसायच्या, नाही केलं की शे-दीडशे लोकांपुढे जायच्या नाहीत. विचारायचं कुणाला? तक्रारीच्या रकान्यात लिहिलं की ठरावीक उत्तर यायचं. आमचा घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांचा एक गट आहे, तीनशेच्या आसपास. फॉल-पिको करणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, केक करणाऱ्या, पोळीभाजीचे डबे देणाऱ्या. सगळ्यांची तीच रड होती. शेवटी ठरलं की श्रावणातला एक आठवडा कुणीही पोस्ट टाकायची नाही आणि बूस्टला एक पैसा द्यायचा नाही.

पहिला दिवस छान गेला. गटावर नुसता उत्साह. दुसऱ्या दिवशी मी ते अ‍ॅप पाच-सहा वेळा उघडलं. पोस्ट टाकायला नाही, कुणी टाकली आहे का ते बघायला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सकाळी एकीची पोस्ट दिसली, 'गणपतीसाठी मोदकांचं बुकिंग सुरू'. खाली चाळीसेक कॉमेंट, त्यात माझी दोन नेहमीची गिऱ्हाइकं. दुपारपर्यंत आणखी आठ-दहा पोस्टी आल्या. संध्याकाळी मीही टाकली.

रात्री गटावर कडाक्याचं भांडण झालं. जिने पहिली पोस्ट टाकली तिला नको नको ते ऐकावं लागलं. ती काही न बोलता गटातून बाहेर पडली. त्याच महिन्यात तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती, हे आम्हाला दिवाळीनंतर कळलं.

पुढे एकदा शांतपणे बसून मी मोजलं. त्या संध्याकाळपर्यंत फार तर पंधराजणींनी पोस्टी टाकल्या होत्या. म्हणजे दोनशे ऐंशीच्या वर बायका तेव्हाही थांबलेल्या होत्या! पण मला त्यातली एकही दिसत नव्हती. दिसत होत्या त्या पंधरा. आणि मी समजले की सगळ्यांनीच सोडलं, आता मी एकटीच राहिले.

मोर्चात शेजारी चालणारी बाई दिसते. तिच्या हातातला फलक दिसतो, तिने आणलेलं पाणी आपण पितो. इथे निर्धार पाळणारी दिसेनाशी होते आणि मोडणारी लगेच सगळ्यांपुढे येते. मला वाटतं आपला धीर सुटतो तो इथे. आपण स्वार्थी किंवा आळशी असतो म्हणून सुटतो, हे मला पटत नाही. तुमचे अनुभव काय?

---

अबोली

शमीताई, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत.

जानेवारी २०२१ आठवतोय का? व्हॉट्सअ‍ॅपने नवं गोपनीयता धोरण काढलं आणि ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा म्हणून सांगितलं. सात तारखेला इलॉन मस्कने 'सिग्नल वापरा' असं ट्विट केलं आणि आमच्या घरातही वारं शिरलं. आम्ही बहिणी-भावंडं, आते-मामे मिळून सव्वीसजण सिग्नलवर गेलो. कुटुंबाचा गट केला, आजीचा जुना फोटो लावला.

पण मुलीच्या शाळेचा गट व्हॉट्सअ‍ॅपवर, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर, सासूबाईंच्या भजनी मंडळाचं सगळं तिथेच. त्यामुळे ते काढून टाकता येईना. मग एकेका फोनवर दोन-दोन अ‍ॅप झाली. आणि दोन असली की हात आपोआप जिथे गर्दी आहे तिकडेच जातो. सिग्नलवरच्या गटात शेवटचा निरोप संक्रांतीनंतर चार-पाच दिवसांनी आला, 'कुणी आहे का इथे?' त्याला उत्तर कुणीच दिलं नाही. मीही नाही. अजून ते टोचतं.

---

कोडवाला

चांगला विषय. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून रेडिटचं उदाहरण थोडं सविस्तर देतो.

रेडिट म्हणजे विषयवार समुदायांत गप्पा चालणारं संकेतस्थळ. २०२३ मध्ये त्याने, रेडिट दाखवणाऱ्या बाहेरच्या अ‍ॅप्सकडून वापराचे पैसे मागायला सुरुवात केली. 'अपोलो' नावाचं आयफोनवरचं लोकप्रिय अ‍ॅप एकच माणूस चालवत होता. त्याने हिशेब मांडला की नव्या दराने त्याला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर भरावे लागतील. लोक भडकले. १२ ते १४ जून असे दोन दिवस आठ हजारांहून जास्त समुदाय बंद ठेवायचे ठरले आणि ते खरोखर बंद राहिलेही. पहिल्या दिवशी तर त्या धक्क्याने रेडिटच काही वेळ कोसळलं होतं.

शमीताईंचा मुद्दा इथे उलट बाजूने सिद्ध होतो. समुदाय बंद केला की तिथे जाणाऱ्याला 'हा समुदाय खाजगी आहे' अशी पाटीच दिसायची. म्हणजे बंद पाळणारे दिसत होते! एरवी वाऱ्यावर विखुरणारी माणसं दोन दिवस घट्ट राहिली त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

मग बिनसलं कुठे? एक म्हणजे, बंद दोन दिवसांचाच हे आधीच जाहीर केलेलं. कंपनीच्या प्रमुखाने, स्टीव्ह हफमनने, कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं. आधीच्या वादळांसारखं हेही निघून जाईल आणि उत्पन्नावर आतापर्यंत फारसा परिणाम दिसलेला नाही, असा त्याचा सूर होता. त्याला फक्त कॅलेंडर बघत बसायचं होतं. दुसरं म्हणजे, दृष्टिहीनांना उपयोगी पडणाऱ्या काही अ‍ॅप्सना कंपनीने आधीच सूट दिली होती. ती द्यायलाच हवी होती, पण तेवढ्याने विरोध करणाऱ्यांतली एक कळकळीची बाजू वेगळी झाली. आणि दोन दिवसांनंतरही जे समुदाय बंद राहिले त्यांच्या मॉडरेटरांना सांगण्यात आलं की उघडा, नाहीतर तुमच्या जागी दुसरे नेमू. ही माणसं बिनपगारी, दहा-दहा वर्षं त्यांनी ते समुदाय सांभाळलेले. आपण लावलेलं झाड दुसऱ्याच्या हाती जाणार म्हटल्यावर बहुतेकांनी दारं उघडली. ३० जूनला अपोलो बंद पडलं. पुढच्या मार्चमध्ये रेडिटचे शेअर बाजारातही आले.

---

वेताळटेकडी

सगळं वाचलं, पण मला हे फार मऊ वाटतं. माणसाला राग खरा आला असेल तर तो सोडतो. आपल्याला राग येतो तो पाच मिनिटांचा, आणि तोही त्याच अ‍ॅपवर व्यक्त करून मोकळं होतो. 'फेसबुक डिलीट करा' हे २०१८ मध्ये लोक फेसबुकवरच लिहीत होते. निवडणूक प्रचाराचा सल्ला देणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिकाकडे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली असेल असं कंपनीनेच मान्य केलं, त्यात भारतातले साडेपाच लाखांच्या वर लोक. तरी माझ्या ओळखीतल्या किती जणांनी खातं काढलं? दोघांनी. कारणं शोधू नका, आपल्यात निर्धारच नाही.

---

भोसरीकर

वेताळटेकडी, तुमचं वय माहीत नाही, पण मी एकोणतीस वर्षं कारखान्यात काढली आणि त्यातली चौदा युनियनच्या कमिटीवर. म्हणून थोडं अधिकाराने बोलतो, राग मानू नका.

निर्धार ही घरून डब्यात घेऊन येण्याची वस्तू नव्हे. तो रोज तयार करावा लागतो. आमच्याकडे संप असला की रोज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला गेट मीटिंग व्हायची. भाषणात नवीन काही नसायचं. कालचंच परत. पण माणूस गेटवर यायचा, शेजारच्या खात्यातला मशिनवाला उभा आहे हे बघायचा, आणि घरी जाऊन बायकोला सांगायचा की सगळे आहेत. त्या 'सगळे आहेत'वर पुढचा दिवस निघायचा. ज्या दिवशी पावसामुळे गेट मीटिंग झाली नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी अफवा उठल्याच, 'पेंटशॉपवाले आत गेले' म्हणून. गेले कुणीच नव्हते.

दुसरी गोष्ट. संप करायच्या आधी कमिटी यादी करायची. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणावर पतपेढीचे हप्ते आहेत. फंडातून आधी त्यांना पैसे. कारण संप मोडतो तो सगळ्यात अडचणीत असलेल्या माणसापासून, आणि त्याला शिव्या देऊन काही मिळत नाही. शमीताईंच्या गटातल्या त्या बाईंना आधी कुणी विचारलं असतं की 'तुझं कसं चाललंय', तर?

आणि कोडवाला म्हणतात ते शंभर टक्के. कामावर परत कधी येणार याची तारीख मालकाला आपण होऊन सांगायची नसते.

---

शमी

भोसरीकर काका, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यात पाणी आलं. नाही, कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. आम्ही पोस्टर केलं, घोषवाक्य केलं, हॅशटॅग ठरवला, पण कुणाला किती झेपेल हे विचारायचं सुचलंच नाही.

---

जुनापेठकर

पुण्यात बसून बहिष्काराची चर्चा चालली आहे आणि १९०५ चा उल्लेख नाही, म्हणून लिहितो.

त्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. सावरकर तेव्हा फर्ग्युसनचे विद्यार्थी. टिळक त्या वेळी बोलले. मिरवणुकीने गाडाभर कपडे लकडी पुलापलीकडे नेले आणि पेटवले. आता शमीताईंचं म्हणणं इथे लावून बघा. होळी दिसते. कापड तर अंगावरच असतं, त्यामुळे कुणी स्वदेशी पाळतंय की नाही हे रस्त्याने चालताना कळतं. तो बहिष्कार डोळ्यांना दिसणारा होता.

पण तेवढ्यावर भागलं नसतं. टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्काराच्या जोडीला स्वदेशी आहे. नुसतं 'घेऊ नका' म्हणून चालत नाही, 'हे घ्या' म्हणावं लागतं. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैसा ही रक्कम किती लहान! पण ती देणारा त्या कामात धरला जायचा.

आपण अ‍ॅप सोडतो तेव्हा 'हे घ्या' म्हणायला काय असतं? अबोलीताईंचा ओसाड गट.

---

रेवा

जुनापेठकर, पर्याय असूनही टिकत नाही याचंही उदाहरण आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं. त्यांनी लावलेलं चित्र होतं १९३६ च्या हॅम्बुर्गमधलं. गोदीत सगळा जमाव नाझी सलाम करतोय आणि मधला एक माणूस हाताची घडी घालून उभा आहे. तो ऑगस्ट लँडमेसर म्हणून ओळखला जातो. या प्रकारावर चिडून आपल्याकडचे कितीतरी जण मॅस्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्याच दुसऱ्या माध्यमावर, गेले. मीही गेले. पहिले आठ-दहा दिवस तिथे नव्या वसाहतीत राहायला गेल्यासारखं वाटायचं, जो तो एकमेकांना वाट दाखवतोय. मग ज्यांचं वाचायला मी जायचे ते दोन्हीकडे लिहू लागले, मग परत ट्विटरवरच लिहू लागले. महिन्याभरात मीही परतले.

तेव्हा मला ते चित्र परत परत आठवायचं. त्या फोटोत एकटा माणूस दिसतो कारण तो जमावातच उभा आहे. तो गोदीतून निघून घरी गेला असता तर फोटोत काहीच वेगळं दिसलं नसतं. आपण प्लॅटफॉर्म सोडून जातो तेव्हा घरी गेलेलो असतो. म्हणून आता मला वाटायला लागलंय की निघून जाणं हा निषेधाचा सगळ्यात दुबळा प्रकार असावा. आत राहून घडी घालणं जास्त टोचतं. रेडिटवर बंद संपल्यावर चित्रांच्या समुदायाने नियमच केला की इथे फक्त विनोदवीर जॉन ऑलिव्हरचे फोटो टाकायचे. तो पोरखेळ वाटेल, पण समुदाय उघडा आहे आणि तरी विरोध डोळ्यांसमोर आहे, असं त्यातून साधलं.

---

कोडवाला

रेवा, भारी मुद्दा. याला जोडून आपण जिंकलेली एक लढाई सांगतो, कारण ती लोक विसरतात.

फ्री बेसिक्स, म्हणजे ठरावीकच संकेतस्थळं फुकट दाखवणारी फेसबुकची योजना. एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना सारखी वागणूक मिळावी यावर, ट्रायने (दूरसंचार नियामकाने) मतं मागवली तेव्हा दहा लाखांच्या वर ईमेल गेले. वर्षाअखेरीस फेसबुकने फ्री बेसिक्ससाठी वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या, आपल्या वापरकर्त्यांकडून तयार मजकुराची पत्रंही ट्रायकडे पाठवून घेतली. तरी ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने डेटाचे भेदभाव करणारे दर बंद केले आणि फ्री बेसिक्स गुंडाळावं लागलं.

त्यात कुणाला फेसबुक सोडावं लागलं नाही. काम दोन मिनिटांचं होतं, कुणाकडे पाठवायचं ते ठाऊक होतं, मुदत सरकारने ठरवलेली होती आणि आकडा वाढताना दिसत होता. रोज धीर धरायची गरजच नव्हती, एकदाच करायचं होतं. उलट व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये काय केलं पाहा. ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली. मधल्या काळात राग निवला, मग कोरोनाची दुसरी लाट आली, कुणाला धोरण वाचायचं भान राहिलं? मेअखेरीस कंपनी म्हणाली की धोरण मान्य नसलं तरी सुविधा कमी करणार नाही. पण स्पर्धा आयोगाने त्याच मार्चमध्ये चौकशी लावली होती, ती चालू राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाला २१३ कोटींचा दंड झाला. त्यावर अपील वगैरे झालं, पण आयोगाला आपल्यासारखा चौथ्या दिवशी कंटाळा आला नाही.

---

वेताळटेकडी

भोसरीकर काका, राग नाही. उलट विचार करतोय. मी बत्तीसचा आहे, गेट मीटिंग कधी बघितलेली नाही.

पण मग २०२५ च्या अरट्टाईचं काय? झोहोचं निरोप पाठवायचं अ‍ॅप, आपल्या देशातलं, खुद्द मंत्री सांगत होते वापरा म्हणून. रोजच्या नोंदण्या तीन दिवसांत तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचं झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबूंनी सांगितलं होतं. मीही घेतलं. माझ्या फोनवर आज ते उघडून किती आठवडे झाले मला आठवत नाही. तिथे माणसं दिसत होती, पर्यायही होता.

---

अबोली

वेताळटेकडी, तुम्ही ते एकट्याने घेतलंत की कुणाला सोबत घेऊन? माझा अनुभव सांगते. सिग्नलवर आमच्या सव्वीसांपैकी एकच धागा अजून जिवंत आहे, माझा आणि माझ्या नाशिकच्या बहिणीचा. कारण आम्ही दोघींनी ठरवलं होतं की रोज रात्री आईच्या औषधांचं तिथेच लिहायचं. दुसरीकडे लिहायचंच नाही. पाच वर्षं होत आली. बाकीच्या चोवीसजणांना तिथे करण्यासारखं काही कामच नव्हतं.

---

वेताळटेकडी

एकट्याने घेतलं. हे लक्षातच आलं नव्हतं.

---

भोसरीकर

अबोलीताई, याला आमच्याकडे 'जोडी लावणं' म्हणायचे. नवीन पोरगा संपात असला की त्याला एका जुन्याशी जोडून द्यायचे. आठवडाभर दोघांनी एकमेकांच्या घरी जायचं. हजार माणसं टिकवणं अवघड, पाचशे जोड्या टिकतात.

---

शमी

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा काढला तेव्हा इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

परवा मी त्या मैत्रिणीला फोन केला, जिने पहिली पोस्ट टाकली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. आधी ती गप्पच होती. मग म्हणाली, "मला त्या दिवशी फक्त चार ऑर्डरी हव्या होत्या गं. कुणी दिल्या असत्या तर मी पोस्ट टाकली नसती." माझ्याकडे त्या आठवड्यात जास्तीच्या सहा ऑर्डरी होत्या, ज्या मी वेळ नाही म्हणून नाकारल्या होत्या. मला काय बोलावं सुचेना. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं काका, विचारायला हवं होतं.

तिच्याशी बोलून आम्ही दोघींनी एक सुरुवात केली आहे. आमच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर त्या माध्यमाच्या इनबॉक्समध्ये अडकलेले आहेत. ते आम्ही एकेकाला विचारून वहीत उतरवून घेतोय. माझे आतापर्यंत एकशे बारा झाले, तिचे साठ. डब्यासोबत एक छापील चिठ्ठी देतोय, 'पुढची ऑर्डर थेट फोनवर द्या'. मोदकांच्या ज्या ऑर्डरी मला झेपणार नाहीत त्या तिच्याकडे, तिच्या पुरणपोळीच्या माझ्याकडे. गटातल्या आणखी अकराजणी यात यायला तयार आहेत, सहा जोड्या झाल्या, एक बाई उरली आहे, तिच्यासाठी जोडीदार शोधतोय. पोस्ट बंद करायची की नाही, कधी करायची, हे अजून ठरवलेलं नाही आणि ठरलं तरी इथे लिहिणार नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या घरी सगळ्या भेटतोय. भोसरीकर काका, तुम्हाला कर्वेनगरपर्यंत येणं जमेल का? आमच्यातल्या कुणीच कधी गेट मीटिंग घेतलेली नाही.

---

भोसरीकर

येतो. पत्ता मेसेजमध्ये पाठवा. त्या तेराव्या बाईंना आधी बोलवा, साडेनऊला.